दोन महापालिका, एक बस: तिकीट घ्यावे की पास?

निगडीत राहायचे आणि नोकरीला स्वारगेटला यायचे, असे हजारो जण रोज करतात. दापोडी-बोपोडीच्या पुलावर महापालिकेची हद्द बदलते, तिकीट मात्र तेच राहते. १९ ऑक्टोबर २००७ रोजी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली, त्याचा हा रोजचा फायदा.

सुटे तिकीट
१ जून २०२५ पासूनचे दर अंतरावर ठरतात:
- ५ किमीपर्यंत: १० रुपये
- १० किमीपर्यंत: २० रुपये
- १५ किमीपर्यंत: ३० रुपये
- २० किमीपर्यंत: ४० रुपये
- २५ किमीपर्यंत: ५० रुपये
- ३० किमीपर्यंत: ६० रुपये

त्यापुढे ८० किमीपर्यंत दर १० किमीला १० रुपये वाढतात.

पास
- दोन्ही महापालिकांची हद्द: दैनिक ७०, मासिक १,५०० रुपये
- संपूर्ण पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) क्षेत्र: दैनिक १५०, मासिक २,७०० रुपये
- विद्यार्थ्यांचा मासिक पास: ७५० रुपये

हिशेब असा करा
जाताना आणि येताना प्रत्येकी ३० रुपयांचे तिकीट लागत असेल, तर २५ दिवसांचे बरोबर १,५०० होतात. कामाचे दिवस २२ असतील, तर सुटे तिकीटच स्वस्त. ४० रुपयांचे तिकीट असेल, तर १९ दिवसांतच मासिक पास वसूल होतो. एखाद्याच दिवशी जायचे असले, तरी ४०-४० रुपयांच्या दोन फेऱ्यांना दैनिक पास १० रुपये वाचवतो. बस बदलावी लागत असेल, तर प्रत्येक बसचे तिकीट धरूनच बेरीज करा.

चाकण, सासवडसारखी गावे दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहेत. तिकडे रोज जाणाऱ्यांनी १,५०० चा पास घेण्याआधी आपला थांबा त्यात बसतो का, हे पास केंद्रावर विचारून घ्यावे. पीएमआरडीए पास ६० रुपयांच्या तिकिटाला २३ दिवसांत वसूल होतो. ५० च्या तिकिटाला मात्र २७ दिवस लागतात.

तिकिटापलीकडचा खर्च
तिकिटाच्या पैशांत बस चालत नाही. येणारी तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के भरते. म्हणजे बसमध्ये कधीही न चढणारा करदाताही तिचा खर्च उचलतो, आणि ते योग्यच आहे, कारण बसमुळे रस्ते त्याच्यासाठीही मोकळे होतात. म्हणून फेऱ्या कमी पडल्या, तर पीएमपीएमएलकडे तक्रार करून थांबू नका. आपल्या नगरसेवकालाही जाब विचारा. पैसा दोन्ही महापालिकांचा आहे, तशी जबाबदारीही दोघींची आहे.