हौशी रेडिओसाठी १२ व्होल्टचा साधा रेग्युलेटर



डीपीपासून लांबच्या वस्तीवर वीज कशी येते, हे आपणांस सांगायला नको. पंप चालू झाले की २३० चे १८० व्होल्ट, अन् बंद झाले की काटा २५० वर! अशा विजेवर हौशी रेडिओचा संच टिकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच हौशी मंडळींनी निरोप पोचवले होते. वेळेला संच जळालेला निघाला तर काय उपयोग? म्हणून हा धडा.

साहित्य : १८ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्स्फॉर्मर, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, १एन४००७ चे चार डायोड, २२०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर, ०.३३ व ०.१ मायक्रोफॅरडचे दोन छोटे कपॅसिटर, ७८१२ आयसी आणि अॅल्युमिनियमचा चांगला मोठा हीट सिंक.

जोडणी : फ्यूज ट्रान्स्फॉर्मरच्या आधी घालावा. चार डायोडांचा ब्रिज करून त्यापुढे मोठा कपॅसिटर जोडावा. त्याची धन-ऋण बाजू चुकू नये, नाहीतर तो फुटतो. आयसीची अक्षरे आपल्याकडे धरली की डावा पाय आवक, मधला अर्थ, उजवा जावक. आवकेवर ०.३३ चा, जावकेवर ०.१ चा कपॅसिटर पायांलगत डाग देऊन बसवावा.

आता मुद्द्याची गोष्ट. ७८१२ ला आवक निदान साडेचौदा व्होल्ट हवी. पुष्कळजण १५ व्होल्टचा ट्रान्स्फॉर्मर घेतात. वीज १८० वर आली की तो अर्ध्या अँपिअरच्या भाराला कमी पडतो आणि संच घरघरतो. १८ चा पुरा पडतो. मात्र वरचे व्होल्ट उष्णता होऊन जातात. आवक २४ असेल, तर (२४ − १२) × ०.५ म्हणजे ६ वॅट; २५० ला त्याहून जास्त. तेव्हा ट्रान्स्फॉर्मर कमी दाब धरून निवडा अन् हीट सिंक जास्त दाब धरून. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तपासणी : संच लगेच जोडू नका. आधी १२ व्होल्ट, ५ वॅटचा गाडीचा दिवा लावून मीटर बघा. अर्ध्या तासानेही ११.५ ते १२.५ दिसले, तर काम फत्ते.

हा रेग्युलेटर रिसीव्हर व लहान संचापुरताच आहे. १०० वॅटच्या संचाला १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर लागतात. तिथे हा चालणार नाही. आणि प्रक्षेपणासाठी सरकारी परवाना हवाच, हे मुलांना आवर्जून सांगा.