गाभ्यातील धाग्यांची नावे

संगणकाच्या अंतर्भागात चालणाऱ्या सर्व व्यवहारांवर देखरेख करणारा जो आज्ञासंच, त्यास कार्यप्रणाली असे म्हणतात. आणि तिचा जो सर्वांत आतला, यंत्राशी प्रत्यक्ष संबंध राखणारा भाग, तो तिचा गाभा अथवा कर्नल होय. स्मृतीचे वाटप करणे, डिस्कवर मजकूर उतरविणे, बाहेरून आलेला संदेश योग्य ठिकाणी पोचविणे ही सारी कामे गाभ्याची. ती एकापाठोपाठ एक अशी करीत बसल्यास यंत्र खोळंबून राहील. म्हणून गाभा त्या कामांचे निरनिराळे ओघ पाडतो, आणि प्रोसेसर क्षणात या ओघाकडे तर क्षणात त्या ओघाकडे लक्ष पुरवितो. अशा प्रत्येक ओघास धागा अथवा थ्रेड ही संज्ञा आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये ज्याचा आरंभ केला, त्या लिनक्स या गाभ्यात असे धागे शेकड्यांनी आढळतात.

गाभा प्रत्येक धाग्यास एक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकावरच त्याचा सारा कारभार चालतो. नाव हे यंत्राच्या उपयोगाचे नव्हे. ते माणसासाठी असते. लिनक्समध्ये नवा धागा निर्माण करताना त्याने कोणते काम करावयाचे हे सांगावे लागते, तसेच त्याचे नावही द्यावे लागते. नाव न देता धागा निर्माण करण्याची सोय ठेवलेली नाही, ही दूरदृष्टीच म्हटली पाहिजे. कारण नाव देण्याचा आळस करणारा एक आणि त्याचे फळ भोगणारा दुसराच, असे पुष्कळदा घडते.

समजा, एखाद्या रुग्णालयाच्या नोंदी ठेवणारा संगणक मध्यरात्री अडून बसला. कोणतीही नवी नोंद होईना, जुनी उघडेना. गाभ्यात ‘केहंगटास्कडी’ नावाचा एक पहारेकरी धागा असतो. दुसरा एखादा धागा सामान्यतः १२० सेकंदांहून अधिक काळ एकाच जागी खोळंबलेला दिसला, की हा पहारेकरी गाभ्याच्या नोंदवहीत तशी सूचना लिहितो. तीत त्या धाग्याचे नाव व क्रमांक ही दोन्ही असतात. आता ‘क्रमांक ४१२ अडला’ एवढेच कळले, तर रात्रपाळीच्या तंत्रज्ञास त्यातून काय बोध होणार? परंतु तेथे ‘जेबीडी२/एसडीए१-८’ असे नाव असेल, तर अर्धा तपास तेथेच आटोपतो. जेबीडी२ ही डिस्कवरील बदलांची कीर्द लिहिणारी शाखा. एसडीए१ म्हणजे विशिष्ट डिस्कचा पहिला विभाग. आणि शेवटचा ८ हा त्या कीर्दीच्या फाइलीचा अंतर्गत क्रमांक. काम कोणते आणि ते कोणत्या डिस्कवर चालले होते, या दोन्ही गोष्टी नावातच आल्या. तंत्रज्ञाने प्रथम ती डिस्क तपासावी हे उघड आहे.

अशा नावांतील अंकांचा अर्थ मात्र सर्वत्र एकच नसतो. ‘केसॉफ्टआयआरक्यूडी/३’ या नावातील तिरप्या रेघेपुढचा ३ प्रोसेसरचा क्रमांक दाखवितो. उलट स्मृती मोकळी करणाऱ्या ‘केस्वॅपडी०’ या धाग्याच्या नावातील शून्य हे स्मृतीच्या विभागाचे आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. सूचनेत ज्याचे नाव येते तो अडलेला धागा असतो. अडविणारा निराळाच असू शकतो. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ या अमेरिकी यानाचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. हवामानाची मापने सुरू झाल्यावर त्याचा संगणक पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. त्यावर ‘व्हीएक्सवर्क्स’ ही कार्यप्रणाली चालत असे. ठरलेल्या वेळी काम पुरे न झालेला धागा होता ‘बीसी_डिस्ट’, म्हणजे माहितीचे वाटप करणारा. तथापि दोष त्याचा नव्हता. त्याला हवे असलेले कुलूप ‘एएसआय/मेट’ या हवामानाच्या, हलक्या अग्रक्रमाच्या धाग्याने धरून ठेवले होते. आणि त्या बिचाऱ्याला मधल्या अग्रक्रमाची कामे पुढे सरकू देत नव्हती. पृथ्वीवरील प्रतिरूप यंत्रावर अभियंत्यांनी कोणता धागा केव्हा चालला याची क्रमवार नोंद घेतली, तोच बिघाड तेथे घडवून आणला आणि मग ही साखळी उलगडली. कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता मिळावा, अशी दुरुस्ती यानाकडे धाडण्यात आली.

लिनक्समध्ये नावांचा खरा पेच २०१० साली उभा राहिला. तोपर्यंत गाभ्यातील निरनिराळ्या शाखा आपापल्या किरकोळ कामांसाठी प्रत्येक प्रोसेसरवर स्वतःचा वेगळा धागा राखीत. त्यामुळे नावे अर्थपूर्ण असत, पण धाग्यांची संख्या अतोनात वाढे आणि बहुतेक धागे रिकामे बसून असत. म्हणून त्या वर्षीच्या २.६.३६ या आवृत्तीत सर्वांसाठी कामकऱ्यांचा एकच सामायिक ताफा ठेवण्यात आला. त्यांची नावे ‘केवर्कर/०:१’ अशी, म्हणजे शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरवरील कामकरी १. काटकसर साधली, परंतु नाव मुके झाले. रेल्वे स्थानकावरील हमालाच्या बिल्ल्यावरून हमाल ओळखता येतो; त्याच्या डोक्यावरील पेटी कोणाची हे बिल्ला सांगत नाही. एखादा केवर्कर प्रोसेसरचा सारा वेळ खाऊ लागला, तर तो कोणाच्या वतीने खात आहे हे शोधण्यास निराळी साधने वापरावी लागत. या उणिवेवर २०१८ साली ४.१८ या आवृत्तीत उपाय झाला. तेव्हापासून धाग्यांच्या यादीत कामकऱ्याच्या नावापुढे त्याने हाती घेतलेल्या कामाच्या रांगेचे नावही दिसते. मध्ये अधिक चिन्ह असेल तर काम त्या क्षणी चालू आहे; आडवी रेघ असेल तर ते नुकतेच होऊन गेले आहे.

दुसरी अडचण जागेची. धाग्याच्या नावासाठी लिनक्सने १६ बाइट राखून ठेवले आहेत. त्यांपैकी शेवटचा समाप्तिदर्शक शून्याचा, म्हणजे रोमन अक्षरे पंधराच मावतात. ‘आरसीयू_टास्क्स_रूड_केथ्रेड’ हे नाव मूळ रोमन लिपीत याहून लांब असल्याने ‘आरसीयू_टास्क्स_रूड_’ एवढ्यावरच तुटत असे. मग जागा वाढविली का नाही? गाभ्याबाहेरचे अनेक कार्यक्रम हे १६ बाइट गृहीत धरून लिहिलेले आहेत. माप बदलले तर ते कोठे कोसळतील याचा नेम नाही. म्हणून २०२२ च्या ५.१७ या आवृत्तीत मधला मार्ग काढला गेला. जुने घर तसेच ठेवून गाभ्यातील धाग्याचे संपूर्ण नाव वेगळ्या जागी जपले जाऊ लागले, आणि यादीत तेच दाखविले जाऊ लागले.

सामान्य कार्यक्रमांच्या धाग्यांना मात्र ही सवलत नाही. तेथे लांब नाव दिल्यास एक सोय ते मुकाट्याने छाटते, तर दुसरी ते साफ नाकारते. यांत नाकारणारीच अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. देवनागरीत नाव देऊ पाहणाऱ्यास तर ही जागा फारच अपुरी पडते. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे ‘नारायण’ या नावाची सहा चिन्हे तेथे मावत नाहीत, आणि छाटणी झाल्यावर उरतो तो ‘नाराय’.