मुंबईच्या चावडीची गोष्ट

आपल्या केनवडला गावाचे काही काम निघाले की माणसे ग्रामपंचायतीत जमतात. जुनी माणसे सांगतात, पूर्वी चावडीवर जमत. मुंबईतल्या इंग्रजांनाही अशीच एक चावडी हवी होती, पण मोठी. तिचे नाव टाऊन हॉल, म्हणजे नगरभवन.

बांधायला पैसा कुठून आणायचा? तर चक्क लॉटरी काढली, बरं का! तीही पुरली नाही. मग ईस्ट इंडिया कंपनीने पैसा घातला. काम १८२१ साली सुरू झाले ते १८३३ साली पुरे झाले. बारा वर्षे! नकाशा कर्नल टॉमस कौपर यांचा, पण पुरी झालेली इमारत पाहायला ते हयात राहिले नाहीत. समोर ३० दगडी पायऱ्या आणि वर उंच गोल खांब. हे खांब म्हणे इंग्लंडातून जहाजाने आणले, आणि काही फारच जाड निघाले म्हणून भायखळ्याच्या चर्चला देऊन टाकले.

१ नोव्हेंबर १८५८ ला याच पायऱ्यांवरून व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचे राज्य संपले, राणीचे सुरू झाले. आपले मात्र कुणाचेच नव्हते.

मला सर्वांत लक्षात राहिली ती आतली गोष्ट. तिथे विद्वानांची एक सभा होती. ती १८०४ साली निघाली, पुढे तिला एशियाटिक सोसायटी म्हणू लागले. तिचे ग्रंथालय फार मोठे, पण सभासद सगळे गोरे साहेब. देश आपला, आणि पुस्तकांचे दार आपल्यालाच बंद! १८४० साली माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ पहिले भारतीय सभासद झाले. पहिले मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांचे ताम्रपटांवरचे लेख सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. पुढे तर न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिचे अध्यक्षच झाले.

आता टाऊन हॉलात सोसायटी आहे, आणि सरकारचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. तिथे कोणीही जाऊन वाचत बसू शकतो. १९५४ च्या कायद्याने देशातल्या प्रत्येक प्रकाशकाला नव्या पुस्तकाची एकेक प्रत चार ग्रंथालयांना पाठवावी लागते. त्या चारांपैकी एक हे. म्हणजे उद्या आपल्या रिसोडला किंवा वाशीमला कोणी पुस्तक काढले, तर त्याची एक प्रत त्या ३० पायऱ्या चढून आत जाणार.