फिश ऑइलने मूल बोलू लागेल का?

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. ‘आई’, ‘बाबा’, ‘मम्’ एवढंच बोलतो. मैत्रिणीने फिश ऑइल द्यायला सुचवलं आहे. देऊ का?

उत्तर : ताई, फिश ऑइलमधलं ओमेगा-३ मेंदूच्या वाढीसाठी लागतं, पण त्याने उशिरा बोलणारी मुलं बोलू लागतात, असा ठोस पुरावा नाही. कॉड लिव्हर ऑइल तर मनाने देऊच नका. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला त्रास होतो.

दोन वर्षांचं मूल साधारणपणे ‘बाबा ये’सारखे दोन शब्द जोडतं. त्यामुळे आता थांबू नका. आधी कानांची तपासणी करा. आवाजाला दचकणाऱ्या मुलालाही कधीकधी काही आवाज नीट ऐकू येत नसतात. मग बालरोगतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्टना दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही सोय मोफत असते.

घरी जेवताना मोबाईल बंद ठेवा. तो ‘मम्’ म्हणाला की ‘मम् हवी? गरम मम्!’ म्हणा आणि त्याच्या उत्तरासाठी थांबा. बाटलीवर पैसे घालवण्याआधी याच आठवड्यात श्रवणचाचणी करून घ्या.