ग्लायकोप्रोटीनचे संशोधन : आधी रसायनशास्त्र, मग पदवीची पाटी

शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनाला ग्लायकोप्रोटीन म्हणतात. रक्तातली प्रतिपिंडे, तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणारे एरिथ्रोपोएटिन, विषाणूंच्या पृष्ठभागावरचे काटे ही सगळी ग्लायकोप्रोटीनेच. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, पण शर्करेच्या साखळीचा तसा साचा डीएनएत नसतो. पेशीतील निरनिराळी एन्झाइमे एकेक शर्करा जोडत ती साखळी बांधतात. त्यामुळे जनुक वाचता आले तरी ग्लायकोप्रोटीन अर्धेच कळते. उरलेले अर्धे रसायनशास्त्राने उलगडावे लागते.

याचे उत्तम उदाहरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. ए आणि बी या रक्तगटांतला फरक तांबड्या पेशींवरील साखळीच्या टोकाला असलेल्या एका शर्करेचा असतो, आणि ओ गटात ती शर्करा नसतेच. बॉम्बे गटात त्याच्याही आधीची, फ्यूकोज नावाची शर्करा जोडली जात नाही, कारण ती जोडणाऱ्या एन्झाइमचे जनुक निकामी असते. परिणामी अशा रुग्णाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. अशा साखळ्यांचा माग जनुकापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत काढणे, हेच ग्लायकोप्रोटीनच्या संशोधकाचे काम.

रोजचे काम मात्र संथ असते. पेशी वाढवायच्या, त्यांतून हवे ते प्रथिन वेगळे करून शुद्ध करायचे, एन्झाइमने साखळ्या सोडवायच्या, मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांची रचना तपासायची, मग एखादे जनुक बंद करून काय बदलते ते पाहायचे. शुद्धीकरण फसले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

उद्योगातही या ज्ञानाला मागणी आहे. एरिथ्रोपोएटिनच्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा शर्करेचा असतो. साखळ्या अपुऱ्या राहिल्या तर ते शरीरातून लवकर बाहेर पडते. त्यामुळे ते सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये तयार करतात. मूळ जैव औषधाचा पर्याय बनवणाऱ्या कंपनीला साखळ्यांचा नमुना मूळ औषधाशी जुळतो हे दाखवावे लागते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली, २०१० मध्ये आफ्रिकेत वापरात आलेली मेंदूज्वराची लस जिवाणूची शर्करा प्रथिनाला जोडूनच तयार झाली.

या संशोधनाकडे जाणारा मार्ग सरळ आहे. बारावीनंतर रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी, मग आयआयटींची जॅम किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, त्यानंतर नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा आणि पीएचडी. आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हा दुसरा रस्ता. आयसरच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांना सारखे गुण असतात. ‘डॉक्टरच व्हायचंय’ म्हणून अकरावीत गणित सोडणारा विद्यार्थी इथे मागे पडतो.

नीटचा निकाल लागला की दरवर्षी तीच धावपळ सुरू होते. एमबीबीएस हुकले म्हणून पालक देणगी भरून मिळेल त्या महाविद्यालयात बायोटेक्नॉलॉजीच्या बीटेकला प्रवेश घेतात. ‘टेक’ आणि ‘बायो’ हे दोन्ही शब्द ऐकायला भारदस्त वाटतात. पण तो अभ्यासक्रम मुख्यतः उत्पादन प्रक्रियेसाठी आखलेला असतो. ज्याला कारखान्यातील बायोरिअ‍ॅक्टर चालवायचा आहे त्याला तो उपयोगी पडतो. संशोधनाची आवड असलेल्या मुलाला मात्र कार्बनी रसायनाचा भक्कम पाया हवा असतो, आणि तो चांगल्या साध्या बीएस्सीत कमी खर्चात मिळतो. प्रयोगशाळा नीट चालत नाही अशा महाविद्यालयातील महागडी पदवी चार वर्षे आणि घरची शिल्लक दोन्ही खाते. बीएस्सीला कमी लेखण्यामागे पालकांची प्रतिष्ठा असते. तिची किंमत मुलाने का मोजावी?

दुसरा दबाव ‘सेटल कधी होणार’ या प्रश्नाचा. याचे उत्तर आधीच स्पष्ट असावे. अठराव्या वर्षी बारावी, तेविसाव्या वर्षी एमएस्सी, पीएचडी अठ्ठाविशी-तिशीत, आणि प्राध्यापकाची किंवा शास्त्रज्ञाची जागा हवी असेल तर त्यापुढे बहुधा दोन-चार वर्षे पोस्टडॉक. जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे फेलोशिप मिळवलेला विद्यार्थी पीएचडीच्या काळात स्वतःचा खर्च भागवू शकतो. आयटीतल्या मावसभावाचे पॅकेज मात्र त्याला या वयात गाठता येणार नाही. हे ज्या घराला मान्य नाही, त्याने मुलाला या वाटेला लावू नये. ज्याला मान्य आहे, त्याने मुलाच्या बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेत दोन महिन्यांचा प्रकल्प मिळवून द्यावा. तिसऱ्यांदा फसलेला प्रयोग चौथ्यांदा लावताना मूल कंटाळते की रमते, ते तिथे दिसते.