गोल्फ स्पर्धा पाहायला जाताना

प्रश्न : व्यावसायिक गोल्फ स्पर्धा प्रत्यक्ष बघायची आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, करावे)

उत्तर : करावेहून सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स जवळ आहे. आधी एखाद्या सकाळी तिथं जाऊन मैदानाची रचना समजून घ्या. स्पर्धांचं वेळापत्रक ‘प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया’च्या (पीजीटीआय) संकेतस्थळावर मिळतं. प्रवेशाचे नियम मात्र आयोजकांनाच फोन करून विचारा.

स्पर्धा बहुधा चार दिवस चालते. दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो आणि मागे पडलेले खेळाडू बाहेर होतात. त्यामुळे आवडता खेळाडू पाहायचा असेल, तर पहिल्या दोन दिवसांतच जा. गर्दीमागे धावू नका. पार-३च्या (तीन फटक्यांत पूर्ण करायच्या) होलच्या ग्रीनजवळ, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळ उभं राहा : चेंडू हवेतून येतो, टप्पा घेतो, उतारावर वळतो, सगळं एकाच जागेवरून दिसतं. पुण्याच्या उदयन मानेसारखा ऑलिंपिकपटू ‘पट’ (ग्रीनवरचा हलका फटका) मारण्याआधी चेंडूची वाट चहूबाजूंनी कशी न्याहाळतो, हे टीव्हीवर नीट कळत नाही.

खेळाडू फटक्याला उभा राहिला की बोलणं आणि चालणं थांबवा, मोबाइल सायलेंटवर ठेवा. ‘फोर!’ अशी इशाऱ्याची आरोळी आली, तर वर न बघता डोकं हातांनी झाका. सपाट तळाचे बूट, टोपी आणि पाणी विसरू नका.