वांग्याचे रोप केव्हा टाकावे, केव्हा लावावे



या अंकातील शेतीपाठासाठी मी वांग्याच्या रोपांचा विषय घेतला आहे. वांगे कोणाला ठाऊक नाही? भरीत, भरली वांगी, सुक्या बोंबलाबरोबर केलेली भाजी, सगळे आपल्या घरचेच. पण नाशिक जिल्ह्यातील पेठ आणि सुरगाणा तालुक्यांच्या पाड्यांवर शेतीचे काम पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बियाणे चांगले, जमीन बरी, माणूस कष्टाळू, तरीही रोप टाकण्याची तारीख चुकली की सगळी मेहनत वाया जाते. म्हणून हा पाठ तारखेपासून सुरू करतो.

तारखेला एवढे महत्त्व का?

या भागात जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस पडतो. पण डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत बहुतेक विहिरी तळाला जातात. एप्रिल-मे महिन्यांत माणसांच्या पिण्याच्या पाण्याचे हाल असतात, तेथे भाजीला पाणी कोठून मिळणार? भात, नागली आणि वरई ही पावसावरची पिके घरात आली की हाताला काम उरत नाही. मग कोकणा, वारली, महादेव कोळी समाजातील पुष्कळ कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामावर जातात. आईवडील दोघेही गेले तर लहान मुले त्यांच्याबरोबर जातात आणि शाळा मध्येच तुटते.

पाच गुंठे वांग्याने हे सारे थांबेल असे मी म्हणणार नाही. पण विहिरीला किंवा नाल्याच्या बंधाऱ्याला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकते अशा घरी डिसेंबरपासून दर आठवड्याला बाजारात नेण्याजोगा माल असला, तर आईबापांपैकी एकाला घरी राहता येते. एक जण घरी राहिला की मुले शाळेत राहतात. आमच्या पाड्यांवर असे घडलेली घरे आहेत. म्हणूनच वांग्याच्या रोपाची तारीख मला महत्त्वाची वाटते.

बाजाराच्या दिवसापासून उलटे मोजा

महाराष्ट्रात अनेक घरांत चातुर्मासात वांगे खात नाहीत. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि तेथून वांगे पुन्हा ताटात येते. हा दिवस नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरमध्ये येतो. आपण हा सण पाळत नसलो तरी बाजार पाळतो. त्या सुमारास गिऱ्हाईक वाढते, आणि थंडीमुळे तोडलेला मालही जास्त टिकतो.

आता उलटे मोजू. लावणीपासून पहिला तोडा जातीप्रमाणे साधारण ६० ते ७५ दिवसांनी येतो. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी फळ हवे असेल तर लावणी सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाली पाहिजे. रोप तयार व्हायला पाच आठवडे लागतात. म्हणजे बी वाफ्यात पडले पाहिजे १५ ते २० ऑगस्टच्या दरम्यान. या तारखेचे आणखी दोन फायदे आहेत. तोपर्यंत भाताची आणि नागलीची लावणी उरकलेली असते, त्यामुळे घरात हात मोकळे असतात. आणि लावणीच्या वेळी पावसाचा जोर ओसरलेला असून जमिनीत ओल भरपूर असते.

जूनमध्ये रोप टाकून जुलैत लावणी करण्याची पद्धत कमी पावसाच्या देशावर चालते. आमच्या डोंगरात त्या वेळी मुळांशी पाणी साचून रोपे सडतात. जानेवारीत रोप टाकून उन्हाळी पीक घेणे ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे त्यांनाच जमते.

वाफा कसा करावा

येथे आमच्या लोकांना शिकवायला फारसे लागत नाही. भात आणि नागलीच्या रोपांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या राब भाजत आले आहेत. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून उन्हाळ्यात जागा भाजायची, म्हणजे तणाचे बी मरते आणि राख जमिनीत मिसळते. जुलैत रोपे उपटल्यावर ही जागा रिकामी होते. तिचाच उंचावरचा, पाणी न साचणारा कोपरा वांग्याच्या वाफ्याला घ्यावा. मात्र त्या जागी आदल्या वर्षी वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा नसावा, कारण या चारही पिकांचे बरेच रोग सारखेच आहेत.

जमीन भुसभुशीत करून ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि किमान २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. ऑगस्टचा पाऊस लक्षात घेता उंची थोडी जास्तच असू द्यावी आणि चारी बाजूंनी चर काढावा. वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये, त्याने हुमणी आणि बुरशी येते. पाच गुंठ्यांच्या लावणीला असे दोन वाफे पुरतात.

वाफ्यावर बांबूचा मांडव करून एका बाजूला उतार राहील असा प्लॅस्टिकचा कागद टाकावा. बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळतो. पाऊस थांबला आणि ऊन पडले की कागद गुंडाळून ठेवावा. सतत सावलीत वाढलेले रोप लांबट आणि लेचेपेचे होते.

बी पेरताना

कृषी विद्यापीठाची शिफारस सरळ जातींना हेक्टरी ४०० ते ५०० ग्रॅम बियाण्याची आहे. त्या हिशेबाने पाच गुंठ्यांना २० ते २५ ग्रॅम बी लागते. संकरित बी हेक्टरी १२० ते १५० ग्रॅम, म्हणजे पाच गुंठ्यांना ६ ते ८ ग्रॅम पुरते.

बी जुने असेल तर आधी उगवण तपासा. १०० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडके ओलसर ठेवा आणि दहा दिवसांनी पाहा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवल्या तर बी चांगले. फारच कमी उगवल्या तर नवे बी आणा.

पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावा, एक किलो बियाण्याला ५ ग्रॅम या प्रमाणात. आपल्या २५ ग्रॅम बियाण्याला चिमूटभर पुरतो. वाफ्यावर १० सेंटिमीटर अंतरावर काडीने आडव्या रेघा ओढाव्यात. रेघेत बी पातळ पेरून चाळलेल्या शेणखताने एक सेंटिमीटर झाकावे. बी मूठभर फेकून पेरू नये. दाट उगवलेली रोपे एकमेकांना दाबतात आणि रोगही चटकन पसरतो. वर भाताचा पेंढा अंथरून झारीने पाणी द्यावे. सात ते दहा दिवसांत कोंब वर येतात. ते दिसताच संध्याकाळच्या वेळी पेंढा काढून घ्यावा. एक दिवसाचा उशीर झाला तरी कोंब पेंढ्यात अडकून पिवळे पडतात.

रोपांचे दोन शत्रू

पहिला शत्रू म्हणजे मर रोग. जमिनीलगत देठ पाणथळ होतो, रोप कोलमडते, आणि सकाळी पाहावे तर वाफ्यात टक्कल पडलेले असते. ही बुरशी साचलेल्या पाण्यात आणि दाट पेरणीत वाढते. त्यामुळे उंच वाफा, पातळ पेरणी आणि सकाळी बेताचे पाणी हाच तिच्यावर खरा उपाय आहे. माती हाताला ओली लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

दुसरा शत्रू तुडतुडे. हे बारीक किडे पानाचा रस शोषतात आणि बोकड्या नावाचा रोग पसरवतात. बोकड्या झालेल्या झाडाला बारीक पानांचा झुपका येतो आणि फळ धरत नाही. तो बरा होत नाही, झाड उपटूनच टाकावे लागते. म्हणून वाफा पहिल्या दिवसापासून पातळ जाळीने झाकावा. जाळी नसेल तर न फाटलेली जुनी मच्छरदाणी चालते. आमच्या पाड्यांवर तीच वापरतात.

लावणी

पाच आठवड्यांनी रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच आणि पाच-सहा पानांचे होते. देठ पेन्सिलीइतका नसला तरी ताठ हवा. लावणीच्या आधी आठवडाभर पाणी कमी करावे, मांडव आणि जाळी काढून रोपांना ऊन-वारा लागू द्यावा. यामुळे रोप काटक होते. उपटण्याच्या आदल्या दिवशी मात्र वाफा चांगला भिजवावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत.

मध्यम जमिनीत दोन सऱ्यांमध्ये ७५ आणि दोन रोपांमध्येही ७५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. या अंतराने पाच गुंठ्यांत साधारण ९०० रोपे बसतात. हलक्या मुरमाड जमिनीत झाड लहान राहते, तेथे ६० सेंटिमीटर पुरे. प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेले शेणखत घालावे. लावणी दुपारी चारनंतर किंवा ढगाळ दिवशी करावी. रोप वाफ्यात होते तेवढ्याच खोलीवर लावून माती हाताने दाबावी आणि लगेच पाणी द्यावे. शंभरेक रोपे वाफ्यात राखून ठेवावीत. आठ-दहा दिवसांत जेथे रोप मेले असेल तेथे त्यांतून नांगे भरावेत.

पुढे थंडीत जमिनीप्रमाणे आठ ते दहा दिवसांनी पाणी लागते. सरीत पेंढा किंवा पालापाचोळा अंथरला तर पाण्याची पाळी लांबते. एखादा शेंडा सुकून मान टाकलेला दिसला की तो खालून कापून जाळावा, कारण त्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते. हे काम लहान मुलेही शाळेतून आल्यावर आवडीने करतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, विहिरीचे पाणी पाहूनच क्षेत्र ठरवावे. पाणी पाच गुंठ्यांचे असताना दहा गुंठे लावले तर दहाही गुंठे वाळतात.

बी घरचे धरता येते

मांजरी गोटा, वैशाली यांसारख्या सरळ जातीचे बी घरी धरता येते. निरोगी झाडाची दोन-तीन फळे झाडावरच पिवळी होईपर्यंत ठेवावीत. मग गर पाण्यात कुस्करून तळाला बसलेले जड बी धुऊन सावलीत वाळवावे आणि राखेत मिसळून बाटलीत ठेवावे. जवळपास दुसऱ्या जातीची वांगी असू नयेत, नाहीतर बी भेसळते. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढच्या वर्षी झाडे एकसारखी येत नाहीत.

आपण कधी मदत करावी?

आपल्या मंडळ्यांत नाताळच्या दिवसांत उदार मनाने देणग्या गोळा होतात. कपडे, ब्लँकेट यांना तो काळ योग्यच आहे. बियाण्याचे तसे नाही. एकदा जानेवारीत एका पाड्यावर कोणीतरी प्रेमाने पाठवलेली भाजीची पाकिटे वाटली जात होती. एक मावशी पाकीट हातात घेऊन मला म्हणाल्या, "दादा, बी चांगलं आहे. पण याला पाणी कोण पाजणार?"

त्यांचा हिशेब बरोबर होता. थंडीत वांग्याचे बी सावकाश उगवते आणि रोपाला सात-आठ आठवडे लागतात. जानेवारीच्या सुरुवातीला टाकलेले रोप फेब्रुवारीच्या अखेरीस लावणीला येते आणि फळ धरते ऐन मे महिन्यात, विहीर कोरडी पडल्यावर. तेच पाकीट जुलैच्या अखेरीस पाड्यावर पोहोचले तर डिसेंबरात त्याची वांगी बाजारात जातात. म्हणून बियाणे, जाळी किंवा मांडवाचा कागद यांसाठी ज्यांना काही द्यायचे आहे त्यांनी जून-जुलैत द्यावे, आणि कोणत्या घरी किती महिने पाणी टिकते हे आधी पाड्यावरच्या माणसांना विचारावे.

ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांनी पंधरा ऑगस्टच्या सुमारास परसात किंवा गच्चीवर एका कुंडीत वीस-पंचवीस बिया पेराव्यात. पाच आठवड्यांनी बारा ते चौदा इंचांच्या कुंडीत एकेक रोप लावावे. चार झाडे एका कुटुंबाच्या भाजीला पुष्कळ होतात. उरलेली रोपे शेजाऱ्यांना द्या. रोप वाफ्यात फार दिवस ठेवू नका. सात-आठ आठवड्यांचे झालेले रोप जून होते, आणि ते लावले तरी झाड नीट फुटत नाही.